सहाव्या पानावरचं नाव

वहिनींना कवळ्या बनवायला लागून बावीस वर्षं झाली होती. दातांच्या दवाखान्यांतून मापं यायची, त्यांवरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण आणि मेणात एकेक दात. लॅबच्या मालकापासून माल पोचवणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. मुळात कुणाच्या वहिनी, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. कवळी तयार झाली की त्या खिडकीशी जायच्या, वरची बाजू खालच्या बाजूवर टेकवायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. सगळे दात एकदम टेकले तर 'टक' असा एकच आवाज येतो. एखादा दात आधी लागला तर आवाज फुटतो. फुटका आवाज आला की डॉक्टर दारात उभा असला तरी कवळी पुन्हा मेणात जायची.

"वहिनी, तुमचा म्हणून कुणावर विश्वास नाही," लॅबमधल्या बायका म्हणायच्या.

"दातांवरसुद्धा नाही," वहिनी म्हणायच्या, "म्हणून तर ते नीट बसतात."

परदेशातल्या लॅबमधून फोन आला तेव्हाही त्यांनी आधी घड्याळाकडे आणि मग नवऱ्याकडे संशयाने पाहिलं. फोनवर तिथला मॅनेजर होता, आपल्याच भाषेत बोलणारा, आणि आवाज असा की साखर ओतल्यासारखा. "मॅडम, तुमच्या हाताची फार तारीफ ऐकलीय. आम्हाला तुमच्यासारखं माणूस हवंच होतं." पगार चांगला होता, राहायला खोली होती. व्हिसाचे म्हणे दोन रस्ते होते. एक सहा आठवड्यांत होणारा, दुसरा सहा महिने खाणारा. "लांबच्या रस्त्याने जाऊन काय करायचंय? पटकनचाच घेऊ. कागदपत्रं सगळी मी बघतो. तुम्ही फक्त सही करा."

'फक्त सही करा' हे शब्द वहिनींना खटकले. पण तारीफ कुणी केली असेल हे त्यांना माहीत होतं, आणि तेवढ्यापुरतं मन निवळलं. त्याच लॅबमध्ये चष्मेवाली होती. दहा वर्षांपूर्वी ती वहिनींच्या हाताखाली आली तेव्हा तिला मेण वितळवताही येत नव्हतं. जाड भिंगांमागून टकटक बघत राहायची. वहिनींनी तिला हाताला धरून शिकवलं. वीस महिन्यांपूर्वी ती परदेशी गेली आणि आता तिथे हेड होती. निदान ती तसं सांगायची, आणि इथल्या बायका तिच्या नावाने पोरींना उदाहरणं द्यायच्या.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी चष्मेवालीचा फोन आला.

"वहिनी, तो पटकनचा व्हिसा घेऊ नका हं. कुशल कामगाराचा मागा. वेळ लागला तरी चालेल."

"का गं?"

"बरा नसतो तो."

"बरा नसतो म्हणजे? ताप येतो का त्याला?"

चष्मेवाली अर्धवट हसली. "मी सांगते ना. थांबा तुम्ही."

"तुझ्या हाताखाली किती जण आहेत तिथे?" वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आहेत की. दोघं-तिघं."

"दोघं की तिघं?"

"वहिनी, मालक आले, ठेवते," म्हणून तिने फोन ठेवला. रविवारी कसला मालक येतो, हा प्रश्न वहिनींच्या तोंडातच राहिला.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. संध्याकाळी हातावरचं ग्रीस पुसत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकालच देऊन टाकला. "तिला तू तिथे नको आहेस. तू पोचलीस की तिची हेडगिरी संपली. सहा महिने ताटकळवेल, तोवर स्वतःच्या कुणाला तरी चिकटवेल."

"मी शिकवलंय तिला."

"म्हणूनच तर! तिच्या कामातल्या चुका तुझ्याइतक्या कुणाला दिसणार?" मग पुसता पुसता तो थांबला. "आणि मला एक सांग, वीस महिने झाले, नवऱ्याला का नाही नेलं तिने?"

"तो येत नाही म्हणते. त्याला इथेच आवडतं म्हणे."

"तो? तो तर भेटेल त्याला विचारत असतो, तिकडे थंडी किती असते म्हणून."

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आठवडाभर त्या काम करत होत्या, पण डोक्यात चष्मेवालीच होती. वाढदिवसाला तिने पाठवलेले फोटो त्यांनी पुन्हा उघडून पाहिले. प्रत्येक फोटोत ती एकटी, मागे भिंत. टेबल नाही, माणसं नाहीत, साधा एक बर्नरसुद्धा नाही. मॅनेजरचा रोज मेसेज यायचा, 'मॅडम, काय ठरलं?' आणि रोज त्याच्यापुढे हात जोडल्याचं चित्र असायचं. तो गोड बोलतोय म्हणून तो नको वाटे, ती काही सांगत नाही म्हणून ती नको वाटे. पण तो निदान नोकरी तरी देत होता. शेवटी वहिनींनी रागानेच कळवलं, 'पटकनच्याचे कागद पाठवा.'

कागद दुसऱ्याच दिवशी आले. नऊ पानं होती आणि सही करायच्या जागांवर पिवळ्या खुणा. वहिनींनी पिवळ्या खुणांकडे पाहिलंच नाही. जेवणाच्या टेबलावर पानं मांडली, ओळीखाली फूटपट्टी धरली आणि अडेल तो शब्द मोबाइलमध्ये शोधत पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. नवऱ्याने दोनदा चहा विचारला. दुसऱ्या पानावर 'ट्रेनी' असा इंग्रजी शब्द आला. तो त्यांनी तीन वेळा शोधून पाहिला. अर्थ तोच निघाला. बावीस वर्षांनंतर शिकाऊ! पाचव्या पानावर मुदत होती, चोवीस महिने. वाढवून मिळणार नाही. मालक बदलता येणार नाही.

सहाव्या पानावर अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अशा जागा होत्या, आणि त्या आधीच भरलेल्या होत्या. नाव वहिनींचं नव्हतं. चष्मेवालीचं होतं, वडिलांच्या नावासकट. कुणीतरी जुना अर्ज काढून त्यावरच नवा बेतला होता, आणि हे एक पान बदलायचं राहून गेलं होतं.

वहिनी किती तरी वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या. हेड कसली, तीही शिकाऊच होती. चोवीसातले वीस महिने सरले होते. चार महिन्यांनी तिची खुर्ची रिकामी होणार होती, आणि त्या खुर्चीवर बसवायला मॅनेजर माणूस शोधत होता.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"तुझा अर्ज माझ्यासमोर आहे," वहिनी म्हणाल्या. "सहावं पान."



"सगळ्यांना सांगितलंत का?" चष्मेवालीने विचारलं.

"अजून नाही. आधी तू सांग. मी येऊ नये असं तुला वाटत होतं ना?"

"होतं." ती रडत नव्हती, उलट तिचा आवाज पहिल्यांदाच सरळ आला. "माझ्या जागी दुसरं माणूस मिळालं नाही तर त्यांना माझ्यासाठी कुशल कामगाराचा अर्ज करावा लागेल, असं मला वाटलं. म्हणून थांबा म्हटलं. खोटं कशाला बोलू? पण वहिनी, तो व्हिसा वाईट आहे हेही खरं आहे. इथे मी सगळ्यांएवढंच काम करते आणि पगार अर्धा, का तर म्हणे मी शिकतेय. नवऱ्याला आणायची सोय नाही. एकदा भांडले तर म्हणाले, परत जा."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही शिकवलेली पोरगी तिथे हेड झाली म्हणून तुम्ही पेढे वाटले होते."

वहिनींनी फोन ठेवला. मग डोकं पुन्हा चालू झालं. मतलबासाठी बोलणारी बाई खरं सांगत असेल कशावरून? ती आधी खोटं बोलली होती, तशी आताही बोलत असेल. सोमवारी अर्धी सुट्टी टाकून त्या थेट व्हिसा केंद्रात गेल्या आणि दीड तास रांगेत उभ्या राहिल्या. काचेमागच्या बाईंनी पानं उलटली.

"बाई, तुम्ही शिकायला चाललात की कामाला?"

"कामाला. बावीस वर्षं तेच करतेय."

"मग हा तुमचा फॉर्म नाही. यावर घरच्यांना नेता येत नाही, मुदत वाढत नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर खोटी माहिती दिल्याचं तुमच्या अंगावर येईल. सही तुमची असते ना." त्यांनी शेजारच्या गठ्ठ्यातून एक पत्रक काढून दिलं. "कुशल कामगाराचं हे वाचा. कामाची परीक्षा द्यावी लागेल."

म्हणजे चष्मेवालीचा शब्द न् शब्द खरा होता. आनंद व्हायला हवा होता, पण बसमध्ये वहिनींना स्वतःचाच राग येत होता. आठवडाभर त्यांनी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

संध्याकाळी त्यांनी मॅनेजरला फोन केला. "कागद वाचले. मला शिकवणार कोण आहे तिथे?"

"छे छे, मॅडम! तुम्हाला कोण शिकवणार? ते नुसतं कागदावर."

"मग कागदावर नुसतंच कुशल कामगार लिहा."

"ते एवढं सोपं नाही, मॅडम. परीक्षा असते, वेळ लागतो."

"परीक्षा मी देते. वेळ तुमच्याकडे नसेल तर राहू द्या."

त्यानंतर तीन आठवडे मेसेज नाही, जोडलेले हात नाहीत. नवरा म्हणाला, सुटलीस. मग एके सकाळी मॅनेजरचाच फोन आला, आणि या वेळी साखर जरा कमी होती. मालक कुशल कामगाराच्या एका जागेला तयार झाले होते. एकाच.

एकच जागा, म्हणजे वहिनी किंवा चष्मेवाली. वहिनींनी त्याच दिवशी तिला कळवलं. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली. "मला परत येऊन नव्याने अर्ज करावाच लागणार आहे, इथून बदलता येत नाही. मी चौकशी केलीय."

वहिनींनी हेही व्हिसा केंद्रात जाऊन विचारलं. खरं होतं. तरीही होकार द्यायला त्यांना चार दिवस लागले. नवऱ्याने त्या चार दिवसांत तोंड उघडलं नाही, हे त्याचं मोठेपण.

परीक्षेला तीन परीक्षक होते. वहिनींनी बसवलेली कवळी त्यांनी तीनदा टेकवून पाहिली आणि बाजूला ठेवली. व्हिसा यायला पावणेसहा महिने गेले. तोवर चष्मेवाली परत आली होती. ती एकदाही लॅबमध्ये आली नाही, बायका विचारायच्या तेव्हा वहिनी एवढंच म्हणायच्या, "मुदत संपली तिची." हेड होती की नव्हती, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. बसली नाही, दारातच एक कागद देऊन गेली. कोणता डॉक्टर दातांच्या रंगावरून कटकट करतो, जादा तास कोण लिहीत नाही, पगाराच्या चिठ्ठीत कुठे बघायचं, हे सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. वहिनींनी तो कागद नीट वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि तिथे पोचल्यावर त्यातलं एकेक स्वतः तपासून पाहिलं. एक सोडून सगळं बरोबर निघालं. ते एकही मधल्या काळात बदललं होतं, हे नंतर कळलं.

पाचव्या महिन्यात नवरा आला. विमानतळावर उतरताच त्याने पहिली तक्रार तिथल्या लिफ्टबद्दल केली. त्याच आठवड्यात चष्मेवालीचा फोन आला. दुसऱ्या शहरातल्या एका लॅबने तिला बोलावलं होतं.

"कागद पाठवते. बघाल का, वहिनी?"

"सगळी पानं पाठव. एकही गाळू नकोस."

वहिनींनी सुट्टीचा अख्खा दिवस घालवून सगळी पानं वाचली. कुशल कामगार, तीन वर्षं, वाढवता येणारी, घरच्यांना नेता येणारी. त्यांनी फोन केला. "हा बरोबर आहे. घे."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," चष्मेवाली म्हणाली, आणि क्षणभर गप्प राहिली. त्या गप्प राहण्यावरूनच वहिनींना कळलं की ही सोमवारी व्हिसा केंद्राच्या रांगेत उभी राहणार.

"त्या काचेमागच्या बाईंना विचार," त्या म्हणाल्या. "सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते."