हात न वाकणारा कोट

मी धनूचा कोट बोलतोय. सुरतेच्या उकाड्यात मला खुंटीवर टांगलेला बघून लोक हसतात. हसू द्या! आमच्या गल्लीत बर्फ बघून आलेला मी एकटाच कोट आहे.

इथेच गोडादऱ्यातल्या एका खोलीत माझा जन्म झाला. धनूची आई जयश्री घरबसल्या साड्यांना लेस लावते. उरलेल्या तुकड्यांतून तिने मला मनालीच्या सहलीसाठी शिवलं. एक बाही जांभळी, एक पोपटी, पाठीवर सोनेरी बुट्टे. धनूचे बाबा चेतन पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आहेत. ते म्हणाले, "अगं, मनालीला कोट भाड्याने मिळतात."

"कोणाकोणाच्या अंगातले! पोरीला खरूज आणता का?"

पण कोट शिवायचं तिला कुठे माहीत? तिला येत होती गोधडी. म्हणून तिने मला गोधडीसारखाच भरला. थंडीची धास्ती वाटली की आणखी दोन मुठी कापूस. शेजारच्या प्रमिलाबाई म्हणाल्या, "जयश्री, पोरगी फिरायला चाललीय का लढाईला?"

आठ वर्षांच्या धनूला एकच हवं होतं, बर्फावरची स्कूटर. मोबाईलवर बघितल्यापासून ती लोडावर बसून तोंडाने घुर्रर्र करायची. तेवढ्यानेच जयश्री धावत यायची, "पडशील गं!"

मे महिन्यात आम्ही मनालीला पोचलो. बर्फासाठी एकच दिवस होता, दुसऱ्या सकाळी परतीची बस. सोलंगला गेलो तर हिरवंगार गवत! घोडे चरत होते आणि स्कूटरी ताडपत्रीखाली झोपलेल्या. पुढे कोठी गावात नाल्याकाठी मळकट बर्फाचा एवढासा तुकडा, त्याच्यावर वीस माणसं फोटो काढत होती.

"नाही तर नाही बाई, पडण्यापेक्षा बरं," जयश्री पुटपुटली.

धनू नुसतं माझं बटण पिळत राहिली. जयश्रीने दोनदा तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच टॅक्सीवाल्याला विचारलं, "भैया, और ऊपर कहीं है क्या?"

"टनल के पार, कोकसर से ऊपर."

चेतन बघतच राहिले. "तू विचारतेस?"

"मग काय, पोरीला असं तोंड पाडून घरी नेऊ?"

तो लांबलचक बोगदा संपला, गाडी वर चढत गेली आणि सगळं पांढरं झालं. धनू ओरडली, "मम्मी, स्कूटर!" खरंच, चार-पाच स्कूटरी घरघरत फिरत होत्या.

स्कूटरवाल्याने धनूला मागे बसवलं. "बेटा, मुझे पकड़ो." धनूने हात पुढे केले. ते तसेच ताठ राहिले. माझ्या बाह्या वाकेचनात!

"दीदी, ये कोट उतारो."

"उतारो? इतनी ठंड में?"

"तो पीछे कोई बैठो, पकड़ के."

चेतन पुढे सरसावले. "तुम्ही नको," जयश्री म्हणाली, "एका हाताने मोबाईल धराल. मीच बसते."

ती बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. एवढ्या कापसातूनही तिचं काळीज धडधडताना मला कळत होतं. स्कूटर सुटली. आधी सप्तशृंगी मातेचं नाव, मग किंकाळी, मग उतारावर त्या किंकाळीचं हसू झालं. मायलेकी इतक्या हसल्या की माझी एक शिवण उसवली.

स्कूटर थांबली. धनू उतरायला लागली, तर जयश्री बसूनच. चेतनला थेट गावच्या अहिराणीत म्हणाली, "थांबा हो जरासं! आखो एक चक्कर मारूत ना!"

आता प्रमिलाबाईंची नात चंचल डिसेंबरात मनालीला चाललीय. परवा प्रमिलाबाई मला न्यायला आल्या. बाही चाचपून म्हणाल्या, "फारच ताठ आहे गं. थोडा कापूस काढू का?"

बायांनो, हात जोडतो, म्हणजे जोडले असते, पण वाकत नाहीत. माझा कापूस काढू नका. हात वाकले तर पोर एकटीच बसेल, आणि तिची आई खालीच उभी राहील.