जपानीतली ‘आमची आई’

तोकिएनं ‘आमची आई’ म्हटलं आणि रंगमंच चार हातांनी वाढला.

तालीम थांबली. तोक्योच्या एका गल्लीतलं ते चिमुकलं नाट्यगृह. नाटक नवं, कोरियन. जपानीत पहिल्यांदाच होत होतं. मुलीचं काम तोकिए करत होती. आईचं काम करणाऱ्या बाई लसूण सोलत बसल्या होत्या, त्या एकदम लांब गेल्या. लसूण सोलणं मात्र त्यांनी थांबवलं नाही.

“खुर्च्यांची पहिली रांग कुठं गेली?” दिग्दर्शक कुवाबारांनी विचारलं.

“रंगमंचात,” चिझुरूबाई म्हणाल्या. त्या पन्नाशीनंतर कोरियन शिकल्या होत्या आणि हे त्यांचं पहिलंच भाषांतर होतं. “तिकडं एकुलती एक लेकसुद्धा ‘आमची आई’च म्हणते.”

“आपल्याकडं ‘माझी’ म्हणतात. लोक विचारतील, हिची बाकीची भावंडं कुठं आहेत?”

“विचारू देत.”

कुवाबारांनी तोकिएला ‘माझी आई’ म्हणायला लावलं. रंगमंच आक्रसून पाटाएवढा झाला. तोकिए कशीबशी एका पायावर उभी राहिली. आईला जागाच उरली नाही. त्या बाई लसणाची टोपली घेऊन खाली उतरल्या.

नाटककार मिन-सो खास कोरियातल्या मोक्पोहून आली होती. ती मान खाली घालून म्हणाली, “बदला. माझी हरकत नाही.”

पोर भिडेपोटी बोलतेय, हे चिझुरूबाईंना कळलं.

“हरकत माझी आहे,” त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्यानं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. “शब्द बदलणार असाल, तर माझं नाव काढा.”

कुवाबारा त्या पाटाकडून खुर्च्यांकडं वळले.

“सगळ्या रांगा गेल्या तर लोक बसणार कुठं?”

चिझुरूबाईंनी रंगमंचाकडं बोट दाखवलं.

“बरं,” ते म्हणाले. “आमची तर आमची.”

पहिला प्रयोग दुपारचा होता. पहिल्याच ‘आमची आई’ला पुढची रांग वर उचलली गेली. दुसऱ्याच्या घरात आलोय म्हणून लोकांनी मुकाट्यानं बूट काढले. टाय लावलेले एक आजोबा लसूण सोलायला बसले. “आमची आई सालं फुंकून उडवायची,” ते शेजारणीला म्हणाले, आणि आणखी दोन रांगा वर आल्या. मग जो तो आपापल्या आईचं सांगू लागला. मागची भिंत सरकून वाट देत गेली. हसण्याचा नुसता गलका उडाला.

“तुमच्याकडंही असंच झालं होतं?” चिझुरूबाईंनी विंगेत मिन-सोला विचारलं.

“नाही हो,” डोळे पुसत, हसत मिन-सो म्हणाली. “आमच्याकडं दोनच रांगा गेल्या होत्या.”

विंग कधीच मागं पडली होती. चिझुरूबाई आता रंगमंचाच्या मधोमध उभ्या होत्या आणि टोपलीजवळच्या बाई त्यांना बसायला जागा करून देत होत्या.

रंगमंचाच्या फळ्या दारातून बाहेर पडल्या, गल्ली ओलांडून हमरस्त्यावर गेल्या. सिग्नल हिरवा झाला, पण बस हलली नाही. चालकानं दार उघडलं, पायरीवर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला.