नारळ कुणाच्या हातून

दाजी होडीचा तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या. सध्या त्याच्या डोळ्यांत सलत होतं ते पुतण्या नितेशचं बरं होणं.

इंजिनाच्या कामासाठी दोघं तीन आठवडे दक्षिणेतल्या एका बंदरात राहिले आणि हिवताप घेऊनच परतले. दोघांनाही जन्मात पहिल्यांदाच. तेवीस वर्षांचा नितेश चौथ्या दिवशी होडीवर हजर! मग एकसष्ट वर्षांच्या दाजीनंही हट्टानं चादर फेकली, भर तापात धक्का गाठला आणि जाळ्यांच्या ढिगावर कोसळला. नितेशनंच त्याला पाठुंगळी घेऊन गाडीत घातलं, तेही चारचौघांदेखत.

ओरोसच्या दवाखान्यात दाजीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, पोराला वेगळी गोळी दिली होती का? माझं हाड दर्यात मुरलेलं, मग मीच कसा पडलो? बाई म्हणाल्या, गोळी तीच. लहानपणापासून हा ताप काढलेल्यांच्या शरीराला त्याची ओळख असते. तुम्ही दोघंही नवखे, आणि नवख्या माणसाचं वय जितकं जास्त, तितका तो जोर करतो. दाजीला ते पटलं, म्हणून जास्तच झोंबलं.

नारळी पौर्णिमेला होडीवरून दर्याला नारळ देतो तो तांडेल. बत्तीस वर्षं तो दाजीच्या हातून गेला होता. यंदा दाजी घरी अंथरुणाला खिळलेला; नारळ नितेशच्या हातून गेला की सुकाणूही त्याचंच, हे दाजी ओळखून होता.

आदल्या दिवशी नितेश विचारायला आला, नारळ कधी आणि कुठल्या बाजूनं सोडायचा. नारळ किनाऱ्याला परत आला, तर दर्यानं माणूस नाकारला असं गाव म्हणतं.

"भरती चढताना सोड," दाजी भिंतीकडे बघत म्हणाला. "धक्क्याच्या बाजून."

नितेश क्षणभर थबकला. मग मान हलवली, दाजीच्या पायांवरची चादर सारखी केली आणि निघाला. तो दाराशी पोचला आणि दाजीला राहवेना.

"थांब रे. मी उलटा सांगलंय. ओहोटी लागली की सोड, खोल पाण्याच्या बाजून." मग आवाज खाली आला. "हेवो वाटता तुजो."

"माका कळला होता," नितेश म्हणाला. "तरी तुमी सांगलात थंयच सोडणार होतंय. तांडेल तुमी."

दाजीला त्याच्या या मोठेपणाचाही हेवा वाटला.