मुंग्या आल्यासारखं

खलील मुकादमला खाली उतरवायला चार माणसं लागत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अठरा वर्षं दोह्यात एसी दुरुस्त करून तो कायमचा पनवेलला परतला आणि सहाव्या महिन्यात पळस्पे फाट्यावर एका ट्रेलरने त्याची मोटरसायकल उडवली. छातीच्या मागे मणका मोडला. त्याखालचं अंग गेलं. त्यानंतर दोन वर्षं त्याने खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाहिली.

मग नवी मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या नव्या संशोधनाची माहिती मिळाली. पाठीत मज्जारज्जूजवळ तारांची पट्टी बसवायची, पोटाच्या कातडीखाली बॅटरी, आणि तिच्यातून हलकी वीज सोडायची.

"ऑपरेशन सगळ्यांचं होईल," डॉक्टर यूम्नांनी समजावलं. "पण पहिले तीन महिने निम्म्या लोकांची मशीन बंद राहील. कुणाची, ते तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही."

"बंद कशाला ठेवायची?" खलीलची बायको फरिदा म्हणाली.

"नुसत्या आशेनेही माणसाला बरं वाटतं, भाभी. फरक विजेने पडला की आशेने, हे तपासायला."

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी फरिदाने त्याचा तळवा दोन्ही हातांत धरला. "नशराचे अब्बा, काही कळतंय?"

काहीच कळत नव्हतं. पण ती श्वास रोखून बसली होती.

"हो," तो म्हणाला. "मुंग्या आल्यासारखं."

फरिदा रडली. तिने लगेच उरणला मुलीला, नशराला, फोन लावला. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर शेजारी मिठाई घेऊन आले. आता शब्द मागे घ्यायचा तरी कसा? तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारायच्या आधी फरिदानेच मुंग्यांचं सांगितलं. खलीलने मान हलवली, डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुढच्या वेळी तेवढंच सांगून भागेना. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या, मग गुडघ्यापर्यंत. फरिदा दुपारी तासन्‌तास पाय चोळत बसे आणि तो डोळे मिटून पडून राही. आधी तो फक्त अंगात अडकला होता. आता तिच्या आनंदातही अडकला.

तीन महिने संपले. डॉक्टरांनी बंद पाकीट उघडलं आणि कागद वाचला.

"खलीलभाई, तुमची मशीन बंद होती."

फरिदा हसली. "काहीतरी चूक असेल. यांना गुडघ्यापर्यंत कळतं."

"नाही कळत," खलील म्हणाला. "पहिल्या दिवसापासून काहीच कळलं नाही. मी खोटं बोललो."

फरिदाने त्याच्याकडे पाहिलं. "मला तरी सांगायचं होतं."

"तुलाच तर सांगता येत नव्हतं."

ती उठून बाहेर गेली. काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. खलीलला उठून तिच्यामागे जाता येईना.

"डॉक्टर, ते सगळं खोडून टाका."

"खोडता येणार नाही. आज जे सांगितलंत ते त्याखाली लिहिते." त्यांनी लिहिलं. "आजपासून मशीन चालू होईल. यापुढे नसेल तर नाही म्हणा. पुढचे लोक आमच्या कागदांवर भरवसा ठेवून इथे ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार आहेत."

फरिदा दोन दिवस कामापुरतंच बोलली. औषधं वेळेवर दिली, कूस बदलून दिली, पण तळव्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "मी रडले म्हणून तुम्ही खोटं बोललात, असं समजून मी स्वतःलाच दोष देत होते. पण मी तेव्हा रडले नव्हते. नंतर रडले."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मशीन चालू होऊनही पाय हलले नाहीत. दर आठवड्याला विजेचं प्रमाण बदललं, काही दिवस पाठ नुसती आखडायची. दर वेळी तो "नाही" म्हणायचा आणि फरिदा ते ऐकून घ्यायची. सहाव्या आठवड्यात त्याला पलंगाच्या कडेला बसवलं तेव्हा नेहमीसारखं त्याचं धड पुढे कोसळलं नाही. फरिदाचा हात पाठीमागे होता.

"हात काढ."

"पडाल."

"काढ तर खरं."

तिने हात काढला आणि समोर येऊन उभी राहिली. तो बसून राहिला, कुठल्याही आधाराशिवाय. मिनिटभर, मग आणखी थोडं. मग खांदे थरथरू लागले.

"पडतोय," तो म्हणाला, आणि तिने त्याला धरलं.