भिकुबाईचा पितळी भाऊ

मी पितळेचा नळा बोलतोय. नमस्कार करायची गरज नाही. तो रोज आसपासच्या गावांचे लोक करून जातात आणि त्यांच्या कपाळाचं तेल माझ्या अंगावर राहतं. तुम्ही नुसतं ऐका. जमत असेल तर, कारण आमच्या भागात ती सवय कमी आहे.

माझा जन्म धरणगावच्या एका जिनातला. कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राला तेल पाजायचा एक लांब नळा होता. तो मोडला, आणि त्याचा हातभर तुकडा म्हणजे मी. तिथल्या जीवराम नावाच्या तेलवाल्याने मला घासून चकचकीत केलं आणि बायकोला चूल फुंकायला दिलं. बायको म्हणजे भिकुबाई. पुढच्याच वर्षी जीवराम प्लेगात गेला. सासरच्यांनी भिकुबाईला दोन लुगडी आणि मला देऊन माहेरी पाठवलं. मोठ्या मनाची माणसं होती. मला ठेवूनही घेऊ शकली असती.

माहेरी तिचे आईवडील नव्हते, सख्खा भाऊ नव्हता. चुलतभाऊ होते, रुपचंद आबा. आबांच्या घरात खाणारी तोंडं बरीच होती आणि भाकरी थापणारे हात कमी. त्यामुळे आबांना बहिणीचा एकदम कळवळा आला आणि त्यांनी तिला चुलीपुढे जागा दिली.

पहिल्या भाऊबीजेला तिने ओवाळायचं ताट केलं. आबा पाटावर बसले होते, तिला पाहून उठले. विधवेने ओवाळलं तर आयुष्य कमी होतं म्हणे. तिच्या हातची भाकरी खाऊन मात्र होत नसावं, कारण ती आबा दोन्ही वेळा पोटभर खात होते. भिकुबाई मागे वळली. ताट घेऊन चुलीपाशी आली, मला पुसून पाटावर ठेवलं, कुंकू लावलं आणि ओवाळलं. आबांच्या बायकोने, सुगंधाबाईने, दारातून पाहिलं. भिकुबाई तिला म्हणाली, "हाऊ मना भाऊ शे."

घरोघर मला फुंकणी म्हणतात, म्हणजे बाईमाणूसच. त्या दिवसापासून मी भाऊ झालो. धाकटा भाऊ. तापायला पटकन, अक्कल बेताची, शिक्षण चुलीपुढचं. पण भाऊ.

आबांचा मुलगा कौतिक चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. उपाय सगळे झाले होते. वेखंड उगाळून जिभेला लावलं. देवळातली घंटा उलटी करून तिच्यातलं पाणी पाजलं. पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घातला. पेरूने पोराला खोकला झाला. पोपट तेवढा छान बोलत राहिला.

शिवाय घरातले सगळे त्याच्याशी बोलायचे, निदान त्यांना तसं वाटायचं. भूक लागली का? लागली. भाकरी खायची का? खायची. प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच, आणि घास पोराच्या तोंडात. बोलायला तोंड मोकळं राहिलं तर ना. मी चुलीजवळ पडून हे रोज ऐकायचो. माणसांना बोलायची फार हौस. समोरच्याला बोलू द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

एका सकाळी चूल पेटल्यावर भिकुबाईने मला मांडीवर आडवं घेतलं. एक टोक तिच्या ओठांशीच होतं आणि ती जात्यावरची ओवी गुणगुणत होती. कौतिक जवळ आला आणि त्याने खेळता खेळता दुसऱ्या टोकाला कान लावला. पोर जागच्या जागी थांबलं. डोळे असे मोठे झाले, जणू भिंतीतून कोणी हाक मारली. ती थांबली, तसा त्याने मला हलवलं. ती पुन्हा गुणगुणली, तसा तो हसला. मग तिने मला बाजूला ठेवलं आणि त्याच्या पाठीमागे पितळी थाळी जोरात आपटली. अंगणातली गाय दचकली. कौतिक दचकला नाही.

संध्याकाळी ती आबांना म्हणाली, "आबा, पोऱ्या मुका नही. त्याले ऐकू येस नही. कानाजवळ बोलं तर येस."

"मना पोऱ्याले बहिरा म्हणस?" आबा म्हणाले. "तूच बहिरी व्हयेल शे."

त्यांचंही बरोबर होतं. मुकेपणा देवाने दिलेला असतो, त्याला नवस चालतो. बहिरा म्हटलं की सोयरीक मोडते. गावात सगळ्या गोष्टींचा हिशेब असा सरळ असतो.

मग आबा शेतात गेले की आमची दुपार सुरू व्हायची. भिकुबाई मला खुंटीवरून काढायची, कौतिकला समोर बसवायची आणि माझं टोक त्याच्या कानाशी धरून "चल भाऊ," म्हणायची. माझ्या तोंडाशी बोंडातला थोडा कापूस ठेवायची. दुसऱ्या टोकाने ती "प" म्हणाली की कापूस उडायचा. कौतिक नुसतं फुंकायचा. आधी ती तेही चालवून घ्यायची. मग फुंकरीत आवाज मिसळला तरच ती कापूस परत ठेवायची. पोराने घर कापसाने भरून टाकलं, पण त्याला ओठ सापडले.

नंतर ती मला त्याच्या कानाशी धरायची आणि एकच शब्द बोलायची. भाकर. हातात भाकरी दिसेल अशी धरलेली. बोलून झालं की ती थांबायची. हेच तिचं सगळ्यात अवघड काम होतं. ती वाट पाहायची. पोर हात पसरायचं, पाय आपटायचं, रडायचं, ती पुन्हा एकदा माझ्यातून तो शब्द सांगायची आणि पुन्हा वाट पाहायची.

सुगंधाबाईला ते बघवायचं नाही. "दे वो त्याले, भुक्या शे तो," म्हणायची आणि डोळे पुसत ओट्यावर जायची. शेजारणींनी तर भिकुबाईला कैदाशीण ठरवलं. त्या सगळ्या मायाळू होत्या. त्यांच्या मायेत ते पोर जन्मभर मुकं राहिलं असतं.

एका दुपारी भिकुबाईने मला मुद्दाम खुंटीवर ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन नुसती बसली. कौतिकने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ गेला. मग त्याच्या ओठांतून आधी हवा आली, मग आवाज.

"भाऊ," तो म्हणाला.

तिने मला काढून त्याच्या हातात दिलं आणि तोंडाला पदर लावला. माझं काय झालं ते विचारू नका. पितळ आहे म्हणून फुटलो नाही.

त्यानंतर शब्द येत गेले. आबांनी पेढे वाटले. गावाने विचार केला. पोराचा पहिला शब्द "भाऊ". भिकुबाई भाऊ कोणाला म्हणते, तर नळ्याला. नळ्याला दर भाऊबीजेला कुंकू लागतं, ओवाळणी होते. म्हणजे नळा जागृत आहे. भिकुबाई समजावून दमली. आबा म्हणाले की बाईमाणसाला देवाचं काय कळतं. ज्या ओवाळण्याला भिऊन ते पाटावरून उठले होते, त्याच ओवाळण्यावर त्यांनी मला देव केलं.

तरी ती होती तोवर मी चुलीपाशीच होतो. मग साथीच्या तापाचं साल आलं. घराघरात माणसं पडली. भिकुबाईला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं आणि दाराशी पाणी ठेवायला लागले. मी तिच्या उशाशी होतो. कौतिक कसा कोण जाणे आत आला. त्याने मला उचललं, एक टोक तिच्या कानाला लावलं आणि दुसऱ्या टोकाने म्हणाला, "भाकर."

तिने डोळे उघडले. ओठ हलले, आवाज आला नाही. कौतिकने घाई केली नाही. तिनेच शिकवलं होतं. तो वाट पाहत बसला. त्याला उचलून नेलं तेव्हाही तो वळून वळून पाहत होता, की आता ती बोलेल.

माझी बहीण गेली. मी तिथेच होतो आणि मला साधं हंबरता आलं नाही. दोन्हीकडून उघडा असून आवाज नाही, असा भाऊ.

ती गेल्यावर आबांनी निंबाखाली ओटा बांधला. मला त्यात उभं रोवलं. खालचं तोंड चुन्यात गाडलं, वरचं शेंदराने बुजवलं. आता लोक मुकी पोरं घेऊन येतात आणि माझ्यावर नारळ फोडतात. पोरांना काय हवं ते मला सांगतात. पोरांना कोणी काही सांगत नाही. भिकुबाईचं नाव या ओट्यावर निघत नाही. ती भाकरी थापायची, एवढं काहींना आठवतं.

आणि कौतिक विसरतोय. त्याच्या कानाशी आता कोणी बोलत नाही. आबा त्याला रोज माझ्यापुढे हात जोडायला उभा करतात. पाणी शब्द गेला. गाय हा शब्दही गेला. परवा भाकरी मागताना त्याने हात पसरला आणि त्यांनी लगेच दिली. देवाच्या कृपेने आता त्याला बोलायची गरजच पडत नाही.

दुपारी ओट्यापाशी कोणी नसलं की तो येतो. शेंदराने बुजलेल्या माझ्या तोंडाला कान लावतो आणि उभा राहतो. वाट पाहतो. माझ्या पोटात तिचा एकही शब्द उरलेला नाही, असला तरी बाहेर येणार कुठून?

काल सुगंधाबाईने त्याला तसं उभं पाहिलं. निंदणीहून येत होती. ती लगेच जवळ आली नाही की तिने त्याला हाक मारली नाही. तिने शेंदूर पाहिला, पोराचा कान पाहिला, आबा कुठे दिसतात का ते पाहिलं. मग ओट्यापाशी आली आणि पोराला घेऊन घरी गेली. तिचं खुरपं ओट्यावरच राहिलं. विसरली की ठेवून गेली, मला सांगता येत नाही.

सुगंधाबाई, खुरपं अजून इथेच आहे. घाबरू नका. देव कोपणार नाही, मी सांगतो ना, तो देव मीच आहे. वरचा शेंदूर खरवडा, खालचा चुना फोडा, मला धुऊन घ्या. पोराच्या कानाला लावा आणि एकच शब्द बोला. कोणताही.

मग गप्प बसा, आणि वाट पाहा.