वर जायचं नाणं

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. जुनी म्हणजे किती? ज्या देशाच्या कारखान्यात माझा जन्म झाला, तो देशच आता नकाशावर नाही. तिब्लिसी शहरातल्या एका नऊ मजली इमारतीत मी चढते, उतरते आणि कुरकुरते.

मला इथे बसवलं मुरमानने. तो सरकारी लिफ्ट खात्यातला मिस्त्री, आणि राहायलाही याच इमारतीत, आठव्या मजल्यावर. मी जरा अडखळले की तो पाना घेऊन हजर. "काय गं बाई, पुन्हा रुसलीस?" म्हणायचा. त्या काळी मुख्याध्यापिका, डॉक्टर आणि फिटर माझ्यात खेटून उभे राहत. बटाट्यांसाठी रांगही सगळ्यांना सारखीच होती.

मग तो देश मोडला. कारखाने बंद पडले, मुरमानचं खातंही बंद पडलं. वीज दिवसातून तासभर यायची, तिथे माझ्याकडे कोण बघणार? दोन वर्षं मी तळमजल्यावर अंधारात पडून होते. शेवटी रहिवाशांची बैठक भरली. माझ्या दुरुस्तीला पैसे आणायचे कुठून? तोड मुरमाननेच काढली.

"तिच्यात नाण्याची पेटी बसवू. वर जायचं तर नाणं टाका, खाली यायला फुकट. लहानथोर, सगळ्यांना सारखं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटी त्यानेच स्वतःच्या हातांनी बसवली. माझा भोळा मुरमान! 'सगळ्यांना सारखं' हे ऐकण्यातच त्याचा जन्म गेला होता. नाणं सारखं असलं तरी खिसे आता सारखे राहिले नाहीत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

नवव्या मजल्यावरच्या बद्रीने लाकडाचा धंदा काढला. दोन घरांचं एक झालं, दारात काळी जीप आली. माणूस वाईट नाही हो, पण तोंडाला लगाम नाही. मुरमान मात्र मेट्रोच्या दाराशी सूर्यफुलाच्या बिया विकायला बसला. पेन्शन बायकोच्या, झुझुनाच्या, औषधांत जायची. पेटीतलं नाणं पाच टेत्रीचं, म्हणजे आमच्याकडच्या पाच पैशांचं, होतं, ते दहाचं झालं, मग विसाचं. बद्रीच्या जीपमध्ये तसली नाणी सीटखाली लोळत असायची.

मुरमानचे गुडघे गेले होते. संध्याकाळी तो बिया विकून परत यायचा, खालची टपालपेटी उघडायचा आणि आत बघत राहायचा. आत काहीही नसायचं. कोणी वर जाणारं आलं की हळूच वळायचा. "अरे वा, वरच चाललात? चला, मीही येतो." दुसऱ्याच्या नाण्यावर माझा मुरमान घरी पोचायचा. मला कळायचं. म्हणून मी माझं दार जरा उशिरा लावायचे. माझ्या हातात तेवढंच होतं.

तारेच्या एका तुकड्याने त्याला ती पेटी फसवता आली असती. झुझुना एकदा तसं म्हणालीही. तो केवढा भडकला! "मीच बसवायची आणि मीच चोरी करायची?"

एका संध्याकाळी मी माणसांनी भरले होते. बद्री म्हणाला, "मुरमान काका, रोज कुणाचं पत्र शोधता हो? सांगू का झुझुना मावशीला?" सगळे खो खो हसले. मुरमानही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले होते. आठव्यावर उतरताना तो माझ्या दारावर हात टेकून थोडा थांबला. त्यानंतर तो माझ्यात कधीच चढला नाही.

तो जिने चढू लागला. भिंतीपलीकडून मला त्याची पावलं ऐकू यायची. तिसऱ्यावर थांबायचा, पाचव्यावर थांबायचा. कोणी भेटलं की म्हणायचा, "डॉक्टर म्हणतात, व्यायाम हवा!" लोकांना ते खरंच वाटलं.

जानेवारीतल्या एका दुपारी तो पाव आणि बटाट्यांची पिशवी घेऊन चढत होता. सहाव्या मजल्यावर पावलं थांबली, ती पुन्हा वाजलीच नाहीत. बटाटे तेवढे पायऱ्यांवरून गडगडत खाली आले. त्याचं हृदय बंद पडलं होतं. आणि मी तळमजल्यावर रिकामी उभी होते, मित्रांनो. रिकामी!

आमच्याकडे मयताला कोणी हात आखडता घेत नाही. शवपेटी बद्रीने आणली, सगळ्यांत मोठं पुष्पचक्र त्याचंच. मयत चार दिवस घरीच ठेवतात, तेवढे दिवस माणसांची रीघ लागली होती. येणाऱ्यांची अडचण नको म्हणून त्याने माझ्या पेटीवर नाण्यांनी भरलेला वाडगा ठेवला. कोणीही घ्या, टाका आणि वर जा.

शेवटच्या दिवशी झुझुना खाली आली, तेव्हा तो वाडगा तिला दिसला. बद्री तिथेच उभा होता.

"हे काय रे?"

"भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलाय, मावशी."

तिने वाडगा दोन्ही हातांत धरला. "चांगलं केलंस. जरा आधी ठेवला असतास ना, तर एवढ्या माणसांना यायची वेळच आली नसती. कसलं पत्र शोधत होते तुझे मुरमान काका, कळलं का आता?"

बद्रीला कळलं. माझ्या कोपऱ्यात टेकून तो लहान मुलासारखा रडला. शवपेटी माझ्यात मावली नाही. खाली यायला माझ्यात पैसे पडत नाहीत, पण मुरमानला शेवटचं खाली नेलं तेही जिन्यानेच.

झुझुना आता बाल्कनीतून दोरीने टोपली सोडते आणि पाव वर ओढून घेते. माझ्यात पाऊल टाकत नाही. तो वाडगा अजून आहे, बद्री तो रिकामा होऊ देत नाही. पण ज्याला खरी गरज आहे, तो चारचौघांत त्यात हात घालत नाही, हे मी रोज बघते.

म्हणून सांगते मित्रांनो, नुसता वाडगा ठेवून मोकळे होऊ नका. रिकाम्या टपालपेटीत कोणी डोकावताना दिसलं तर हसू नका, काही विचारूही नका. दार धरून ठेवा आणि एवढंच म्हणा, "चला ना काका, एकट्याने वर जायचा कंटाळा येतो."