मोहटोल्याच्या टीव्हीवरचा पत्रू

चार वाजायला पाच मिनिटं होती आणि मोहटोल्याच्या ग्रामपंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीकडे. वाघावर नजर ठेवायला गावाच्या वेशीवर कॅमेरा बसवला आहे, त्याचं चित्र या टीव्हीवर दिसतं. बसवणारा मीच.

आठवडाभर रोज यायचा तसा चारच्या ठोक्याला टीव्हीवर पत्रू आला. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेला आणि वाघाने मारला, तोच पत्रू. खांद्यावर दुपट्टा टाकून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जंगलाकडे चालला होता. मध्येच थांबला, मागे वळला, हात वर केला आणि झाडीत शिरला. आवाज कसलाच नाही. बायांनी तोंडाला पदर लावले.

"पाह्यलं?" मुखरूबाबा गरजला. गेल्याच वर्षी कुठून तरी येऊन गावात ठाण मांडलेला हा बाबा. "हात कोणाच्या घराकडे हाय? धुरपताच्या! बायकोनंच वाघ धाडला त्याच्यावर. तिले आजच गावाबाहेर काढा, नाई तं वाघ एकेकाले नेईन!"

पत्रूची बायको धुरपता दाराशी बसली होती. तिच्या कपड्यांचं बोचकं कोणीतरी आधीच बाहेर आणून टाकलं होतं.

सरपंच इंदुताईंनी मला या टीव्हीवरच्या भुतासाठीच बोलावलं होतं. "भाऊ, तुमचं मशीन मेलेला माणूस काऊन दाखवून राह्यलं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, नुकताच झालेला, बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी साचलेलं. "बाबा, टीव्हीत पत्रूच्या मागची बांधी कोरडी ठणठणीत कशी?"

गाव सगळं धान पिकवणारं. पण आठवडाभर पत्रूकडे बघताना बांधीकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. बाबा मात्र हजरजबाबी. "मेलेल्याच्या मुलखात पाऊस नसते!"

"वायफाय मात्र असतं वाटतं," म्हणत मी लॅपटॉप उघडला.

कॅमेऱ्याचं चित्र साठवणारी पेटी पंचायतीच्या कपाटात आहे. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला की तिचं पान उघडतं आणि पासवर्ड मागतं. तो टाकताना मला लाज वाटली. कारखान्यातून आला तोच होता, एक ते पाच आकडे. मी बदललाच नव्हता. हे भूत माझ्या आळसातून आत शिरलं होतं.

वेळापत्रकाच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. रोज चार वाजता दोन मिनिटं थेट चित्राऐवजी पंधरा मेच्या, म्हणजे पत्रू तेंदूपत्त्याला निघाला त्या सकाळचं रेकॉर्डिंग. तारखेची पट्टी बंद. हे बदलणाऱ्या फोनचं नाव बिरजू. बिरजू म्हणजे पंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसणारा बाबाचा नवा जावई. मी नाव वाचलं तेव्हा तो मागच्या दाराने सटकत होता.

"मशीन बी खोटं बोलते!" बाबा ओरडला.

"हेच तर म्हणतोय." पंधरा मेच्या त्याच सकाळी बाबाही वेशीतून गावात शिरताना कॅमेऱ्यात आला होता. ते रेकॉर्डिंग मी वेळापत्रकात साडेचारला लावलं. साडेचार वाजले आणि खुर्चीत बसलेला बाबा टीव्हीवर चालत आला.

"बाबा, तुमी कधी मेले?" अंगणवाडीच्या रिनाताईंनी विचारलं. कोणी हसलं, पण बरेच जण खाली बघत होते. बाबा चपला शोधू लागला.

"पत्रूचं चित्र पुसून टाकू?" मी विचारलं.

धुरपता पहिल्यांदा बोलली. "एकदा अजून दाखवा, भाऊ."

दाखवलं. पत्रू थांबला, वळला, हात वर केला.

"मीनंच आवाज देल्ला होता," ती म्हणाली. "पाण्याची बाटली घरीच राह्यली होती. राहू दे म्हणून हात केला त्यानं."

त्या हाताचा अर्थ गावाने बाबाला विचारला, मी पेटीला विचारला. जिच्यासाठी तो हात वर गेला होता, तिला कोणीच विचारलं नव्हतं.

इंदुताईंनी बोचकं स्वतः उचललं आणि तिला तिच्या घरी घेऊन गेल्या. मी पासवर्ड बदलला, तारीख सुरू केली. टीव्हीवर आता भरलेल्या बांध्या आणि रिकामा धुरा दिसत होता. तो धुरा अजूनही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सांगतो, भुताला घाबरण्याआधी विचारा. हे चित्र कधीचं आहे, लावलं कोणी? आणि जिच्याकडे बोट दाखवलं जातंय, तिलाही विचारा.